डार्सी न्यूरोसर्जन झाला, पुढे काय?

प्रश्न थोडक्यात असा: कॉलेजात असताना जेन ऑस्टिनची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ वाचली होती, मनापासून आवडली होती. अलीकडे तिच्यावर बेतलेल्या, आजच्या काळात घडणाऱ्या तीन कादंबऱ्या हौसेनं आणल्या, पण एकही पुरी झाली नाही. कोण कुणाशी लग्न करणार हे पहिल्या पानापासून माहीत असतं. मग लोक त्याच त्या गोष्टी पुन्हा का लिहितात, आणि ज्यांना त्या आवडतात ते त्यांत नेमकं काय बघतात?

तुमचा कंटाळा माझ्या चांगला ओळखीचा आहे, कारण तो मी स्वतः वर्षानुवर्षं वर्गात पेरलाय. मी २७ वर्षं बी.ए.च्या मुलांना इंग्रजी कादंबरी शिकवली. ऑस्टिनची ‘एमा’ अभ्यासक्रमाला होती तेव्हा मोठ्या उत्साहानं तिच्यावर बेतलेला ‘क्लूलेस’ हा १९९५चा अमेरिकी चित्रपट दाखवायचे आणि नंतर फळ्यावर दोन रकाने आखायचे. डावीकडे जुनी नावं, उजवीकडे नवी. एमा म्हणजे चेर, नाइटली म्हणजे जॉश, हॅरिएट म्हणजे टाय. मुलं भराभर उतरवून घ्यायची. एका वर्षी मागच्या बाकावरच्या मुलीनं विचारलं, “मॅडम, सगळं तेच आहे तर परत केलं कशाला?” मी ‘कालातीत’ वगैरे दोन-चार शब्द फेकले आणि तास संपवला. घरी येईपर्यंत स्वतःचीच लाज वाटत होती. ‘जोड्या लावा’चा खेळ पाच मिनिटांत संपतो आणि उरलेली तीनशे पानं ओझं होतात. तुम्हीही बहुधा तेच करत असणार. हा डार्सी, ही जेन, हा आला विकम, आता हा खोटं सांगणार.

ते सोडा आणि एकच प्रश्न घेऊन बसा. या गोष्टीत बाईनं ‘नाही’ म्हटलं तर तिचं नेमकं काय जातं?

मूळ कादंबरीत या प्रश्नाचं उत्तर रोख आकड्यांत आहे. बेनेटांच्या लाँगबोर्नची मिळकत वर्षाला २,००० पौंडांची, पण ती फक्त पुरुष वारसाकडेच जाणार असं बांधून ठेवलेलं. बेनेट दांपत्याला पाच मुलीच. म्हणजे बाप गेला की घर कॉलिन्स नावाच्या दूरच्या भाऊबंदाचं. तोच कॉलिन्स १९व्या प्रकरणात नायिका एलिझाबेथला, म्हणजे या पाचांतल्या दुसरीला, मागणी घालतो आणि प्रेमाच्या आणाभाका घेताघेता तिला तिचा ताळेबंदही ऐकवतो: तुझ्या वाट्याला ४ टक्क्यांच्या रोख्यांतले १,००० पौंड येणार, तेही आई गेल्यावर. गुणाकार करून बघा. वर्षाला ४० पौंड. नायक डार्सीचं वर्षाचं उत्पन्न १०,०००. कॉलिन्स पुढे असंही म्हणतो, की तुला दुसरं स्थळ येईलच याची काही खात्री नाही. आपण हसतो, कारण तो मूर्ख आहे. पण हिशेब मूर्खाचा नाही, बरोबर आहे. एलिझाबेथ ‘नाही’ म्हणते तेव्हा ती स्वतःचंच नव्हे, आईचं आणि चार बहिणींचं छप्पर नाकारते. त्या पानाची गंमत आणि थरार दोन्ही इथून येतात.

हे ऑस्टिननं ऐकीव लिहिलेलं नाही. २ डिसेंबर १८०२ला मॅनिडाउन इस्टेटीचा वारस हॅरिस बिग-विदर यानं तिला मागणी घातली. संध्याकाळी ती ‘हो’ म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शब्द मागे घेतला. सत्ताविसावं वर्ष पुरं व्हायला दोन आठवडे होते. १८०५ साली वडील गेले, आणि आई व दोघी बहिणी नातेवाइकांच्या मदतीवर इकडून तिकडे फिरत राहिल्या. शेवटी १८०९ साली चॉटनला स्थिर घर मिळालं ते भावाच्या, एडवर्डच्या कृपेनं. हा एडवर्ड श्रीमंत, निपुत्रिक नातेवाइकांना दत्तक गेलेला होता. म्हणजे ज्या घरात बसून तिनं आपल्या कादंबऱ्या छापण्याजोग्या केल्या, ते घरसुद्धा एका दत्तकविधानामुळे मिळालेलं. दत्तक, भाऊबंदकी, हक्कसोडपत्र हे शब्द ज्यांच्या घरात बोलले गेलेत त्यांना ऑस्टिन समजायला टिपांची गरज पडू नये. हिंदू कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाच्या बरोबरीचा वाटा महाराष्ट्रानं १९९४ साली दिला, देशभर तो २००५ साली मिळाला. लाँगबोर्न आपल्यापासून फार लांब नाही.

आता शेवट माहीत असण्याचं. सुभद्रा अर्जुनालाच मिळणार हे १८८२ साली ‘संगीत सौभद्र’ बघायला आलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. तरी लोक रात्र जागवत बसले. किर्लोस्करांनी त्या महाभारतातल्या माणसांना आपल्याकडच्या वाड्यातल्या माणसांसारखं रुसायला, कुरकुरायला आणि कारस्थानं करायला लावलं, यातच सगळी मजा. कीर्तनातलं आख्यान आपण शेवटासाठी ऐकत नाही. बुवा कुठं थांबतात, कुठं आजचा दाखला घालतात, यासाठी ऐकतो. तोच कान इथं लावायचा.

नकाराची किंमत विचारायला लागलात की पहिलं गुपित असं उलगडतं: ऑस्टिनची सगळ्यांत सोपी आधुनिक होणारी कादंबरी ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ नाही, ‘एमा’ आहे. एमा वुडहाउस २१ वर्षांची, ३०,००० पौंडांची धनीण. ती स्वतःच सांगते की तिला लग्नाची गरज नाही. तिच्या गोष्टीत कायद्याचा अडसर नाहीच. अडसर आहे तो तिच्या डोक्यात, आपल्याला सगळ्यांच्या आयुष्याचं कळतं या समजुतीत. श्रीमंत, लाडावलेली, मनानं वाईट नसलेली आणि ठार चुकीची मुलगी कुठल्याही काळात सापडते. म्हणून ‘क्लूलेस’ची दिग्दर्शिका एमी हेकरलिंगनं तिला बेव्हर्ली हिल्सच्या शाळेत नेऊन बसवलं तरी गोष्ट कुठं तडकली नाही.

एक जागा मात्र बारकाईनं बघा. कादंबरीत बॉक्स हिलची सहल आहे. खेळ असा, की प्रत्येकानं एक फार चतुर गोष्ट सांगायची, किंवा दोन बऱ्यापैकी, नाहीतर तीन अगदी रटाळ. मिस बेट्स, वय झालेली, गरीब, बडबडी बाई, स्वतःवरच हसत म्हणते, तीन रटाळ गोष्टी तर मी तोंड उघडताच सांगेन. एमा सर्वांदेखत म्हणते, अडचण एवढीच की तुम्हाला एका वेळी तीनच सांगता येतील. मिस बेट्सला आधी कळतच नाही. मग कळतं, आणि तिचा चेहरा किंचित लाल होतो. एमाचा जुना स्नेही नाइटली नंतर तिला झापतो तो मुद्दा शिष्टाचाराचा नाही. मिस बेट्स श्रीमंत असती तर सोडून दिलं असतं, तो म्हणतो. ती गरीब आहे आणि जगली तर आणखी गरीब होणार आहे. ‘क्लूलेस’मध्ये मिस बेट्स नाही. तिच्या जागी मी घरातली मोलकरीण ल्युसी बघते. तिला चेर सहज म्हणून जाते की मला मेक्सिकन बोलता येत नाही, आणि ती बाई एल साल्वाडोरची असते. मिनिटभराचा प्रसंग. फळ्यावरच्या माझ्या रकान्यांत ल्युसीचं नाव कधीच नव्हतं. जॉश चेरला सुनावतो, आणि तिला जे लागतं ते बॉक्स हिलवरचंच लागणं आहे. रूपांतर करणारी बाई कादंबरी समजली होती, हे मला त्या एका मिनिटानं पटलं.

‘प्राइड अँड प्रेज्युडिस’चं तसं नाही. तिथं कायदाच काढून घेतला तर एलिझाबेथ ही फक्त एक चुरचुरीत बोलणारी मुलगी उरते आणि डार्सी एक घुम्या. तुम्ही अर्धवट टाकलेल्या कादंबऱ्यांत हेच झालं असणार, असा माझा अंदाज. म्हणून कसबी लेखक आधी पर्याय शोधतो: पूर्वी जे घर होतं, अब्रू होती, त्या जागी आज काय ठेवायचं?

सगळ्यांत हुशार पर्याय मला ‘द लिझी बेनेट डायरीज’मध्ये दिसला. ही हँक ग्रीन आणि बर्नी सू यांची यूट्यूबवरची मालिका, २०१२-१३ची, छोटे छोटे १०० भाग. लिझी, म्हणजे इथली एलिझाबेथ, कॅमेऱ्यासमोर बसून आपली कथा सांगते. ती शिकतेय, डोक्यावर शैक्षणिक कर्ज आहे. इथला कॉलिन्स तिला लग्नाची मागणी घालत नाही, नोकरी देऊ करतो. आपल्या कंपनीत भागीदार हो, म्हणतो. ती नाही म्हणते. आणि तिची जिवलग मैत्रीण शार्लट शिक्षण सोडून तीच नोकरी पकडते. हा बदल पाहिला तेव्हा मी खुर्चीतून उठून उभी राहिले होते. १८१३ साली, कादंबरी छापली गेली तेव्हा, सुशिक्षित पण कफल्लक मुलीला पोट भरायचा अब्रूदार मार्ग लग्नाचा होता. २०१२ साली तो मार्ग म्हणजे मन मारून घेतलेली नोकरी. दोघी मैत्रिणींचं भांडणही मग खरं वाटतं. तुला परवडतं नाही म्हणणं, मला नाही परवडत.

शार्लटवर जरा थांबते, कारण माझी कसोटी तीच आहे. मूळ कादंबरीत ती २७ वर्षांची आहे. एलिझाबेथनं कॉलिन्सला झिडकारलं त्यानंतर तो लुकसांच्या, म्हणजे शार्लटच्या माहेरच्या घराकडे येत असताना ती त्याला वरच्या खिडकीतून बघते आणि लगेच खाली उतरून गल्लीत त्याला ‘योगायोगानं’ भेटायला निघते. त्या एका शब्दात अख्खी बाई आहे. कॉलिन्सशी लग्न ठरल्यावर तिचे भाऊ खूश होतात, कारण आता बहीण जन्मभर बिनलग्नाची राहून आपल्या गळ्यात पडणार नाही. पुढे एलिझाबेथ तिच्या घरी राहायला जाते तेव्हा तिला नवल वाटतं, की शार्लटनं बसायला मागच्या बाजूची खोली का निवडली असेल, पुढची तर मोठी आणि छान आहे. मग लक्षात येतं: पुढच्या खोलीत रस्ता दिसतो, तिथं कॉलिन्स येऊन बसला असता. मागच्या खोलीत तो फारसा फिरकत नाही. तक्रारीचा एक शब्द नाही, कुठं अश्रू नाहीत, फक्त खोलीची निवड. कुठलीही नवी आवृत्ती हाती घेतली की मी आधी बघते, यांच्या शार्लटला मागची खोली मिळाली का?

सोनिया कमाल यांच्या ‘अनमॅरेजेबल’मध्ये (२०१९) मिळाली आहे. ही पाकिस्तानातल्या एका काल्पनिक गावात घडते आणि नायिका अ‍ॅलिस मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवते. पहिल्याच प्रसंगात ती वर्गातल्या मुलींना ऑस्टिनचं ते प्रसिद्ध पहिलं वाक्य (श्रीमंत, बिनलग्नाच्या पुरुषाला बायको हवीच असणार, अशा अर्थाचं) आपापल्या शब्दांत लिहायला लावते. मुली जे लिहितात त्यातून घराघरांतली लग्नाची बोलणी बाहेर पडतात. इथं नकाराला किंमत आहेच, लेखिकेला ती शोधत बसावं लागत नाही. आपल्या उपखंडात ऑस्टिन एवढी रुजते ती यामुळे. आपल्याकडे नायिकेला अडवायला खलनायक लागत नाही, आत्या पुरते.

तरी उपखंडात नेली की जमलीच असं नाही. गुरिंदर चढ्ढांची ‘ब्राइड अँड प्रेज्युडिस’ (२००४) अमृतसरच्या बक्षी कुटुंबाची. रंगीत, गाण्यांनी भरलेली, सुट्टीच्या दुपारी बघायला झकास. पण नायिका ललिताच्या डोक्यावरचं छप्पर जाणार अशी भीती त्यात कुठं नाही, त्यामुळे अमेरिकेहून आलेल्या कोहलीला, म्हणजे इथल्या कॉलिन्सला, ती हसून वाटेला लावते आणि आपणही हसतो, बस. चित्रपटाला खरी धार येते ती गोव्यात. डार्सी हॉटेलांच्या धंद्यातला, आणि विदेशी पैशानं आमच्या देशाची काय सजावट करायची ठरवलीय हे ललिता त्याला सुनावते. तिथं अहंकार खानदानाचा राहत नाही, डॉलरचा होतो. तो बदल अस्सल आहे. मोठी बहीण जया म्हणजे आपली नम्रता शिरोडकर, आणि शार्लटच्या जागची चंद्रा म्हणजे सोनाली कुलकर्णी. सोनालीच्या हाती मागची खोली दिली असती तर तिनं काय केलं असतं, याची मला अजून हुरहुर आहे. चित्रपटाला तेवढी फुरसत नव्हती. ‘एमा’वर बेतलेल्या, दिल्लीतल्या श्रीमंतांवरच्या ‘आयशा’बद्दल (२०१०) एवढंच सांगते, की मला कपडे आठवतात.

याउलट राजीव मेनन यांचा तमिळ ‘कंडुकोंडेन कंडुकोंडेन’ (२०००) बघाच. मूळ ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’. आजोबा जातात, मृत्युपत्रात वाडा मुलाला गेलेला, आणि आई मुलींना घेऊन चेन्नईत येऊन पडते. इंग्रजी कायद्याची जागा एका कागदानं घेतली, काम झालं. थोरली तब्बू पांढऱ्या पायाची म्हणून कुजबुज, ती आता सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करून घर चालवते. आपल्याकडच्या किती थोरल्या मुली तिच्यात दिसतात बघा. धाकटी ऐश्वर्या राय, कवितेत बुडालेली. (ऑस्टिनच्या दोन वेगळ्या नायिका चार वर्षांच्या अंतरानं केलेली अभिनेत्री म्हणून तिची नोंद घ्यायला हवी.) मूळ कादंबरीतला विलोबी धाकटीला भुलवून पैशासाठी श्रीमंत मुलीशी लग्न करतो. इथल्या श्रीकांतची फायनान्स कंपनी बुडते, ठेवीदार दारात उभे राहतात, आणि सुटायचा एकच रस्ता उरतो, मंत्र्याच्या मुलीशी लग्न. नव्वदीच्या दशकात ज्यांचे पैसे अशा कंपन्यांत अडकले त्यांना हा खुलासा द्यावा लागत नाही. तोही ‘नाही’ म्हणू शकत नाही, कारण नकार परवडत नाही. मूळ लेखिकेच्या प्रश्नाला दिग्दर्शकानं पुरुषाच्या बाजूनंही उत्तर दिलं. धाकटी मुसळधार पावसात भान हरपून चालताना उघड्या मॅनहोलमध्ये पडते. ओल्या गवतातून भटकून तापानं फणफणणारी मरियन, म्हणजे मूळची धाकटी, वाचलेल्या माणसाला हे बघताना एकाच वेळी हसू येतं आणि पोटात गोळा येतो.

आता शीर्षकातला न्यूरोसर्जन. आजचा १०,००० पौंडांचा माणूस कोण, हा प्रश्न सगळ्या लेखकांना पडतो. जमीनदार तर उरले नाहीत. कर्टिस सिटनफेल्ड यांच्या ‘एलिजिबल’मध्ये (२०१६) डार्सी अमेरिकेतल्या सिनसिनाटीत मेंदूचा शल्यविशारद आहे. सोनाली देव यांच्या ‘प्राइड, प्रेज्युडिस अँड अदर फ्लेवर्स’मध्ये (२०१९) पुन्हा न्यूरोसर्जन! फक्त तिथं ती बाई आहे. त्रिशा राजे, कॅलिफोर्नियातल्या, राजघराण्याचा वारसा सांगणाऱ्या कुटुंबातली. ‘राजे’ हे आडनाव वाचताच आपले कान टवकारतात, आणि लेखिकेचं लहानपण मुंबईत गेलेलं आहे. इथं गर्विष्ठ डार्सी म्हणजे त्रिशा, आणि दुखावलेला एलिझाबेथ म्हणजे डीजे केन हा शेफ. ती त्याला सहज ‘नोकरमाणूस’ या अर्थानं काहीतरी बोलून जाते आणि ते त्याच्या कानावर पडतं. नुसती पुरुषाची बाई आणि बाईचा पुरुष केला असता तर मी पुस्तक मिटलं असतं. पण डीजेच्या बहिणीच्या मेंदूत गाठ आहे. शस्त्रक्रिया त्रिशाच करू शकते, आणि जीव वाचला तरी दृष्टी जाणार आहे. ती बहीण चित्रकार. हॉस्पिटलची बिलं भागवायला डीजेला राजे कुटुंबाचंच मेजवानीचं काम हवंय. आता सांगा, हा माणूस ताठ मानेनं ‘नाही’ म्हणेल तर त्याचं काय जाईल? बघा, प्रश्न लागू पडला. माझ्या मते पुस्तकात कुटुंबाचा पसारा थोडा जास्त आहे, पण मूळ दुखणं बरोबर ओळखलंय.

सगळ्यांत धाकट्या बहिणीचं, लिडियाचं प्रकरण तुम्ही वेगळं काढून बघा, तिथं रूपांतरकारांचं खरं कौशल्य दिसतं. सोळाची पोरगी विकम या लबाड लष्करी अधिकाऱ्याबरोबर पळून गेली तर १८१३ साली पाचही बहिणींची लग्नं मोडीत निघाली असती. आज लंडनमध्ये धाकटी बहीण कुणाबरोबर राहायला गेली तर कुणाचं काय बिघडतं? हेलन फील्डिंग यांनी ‘ब्रिजेट जोन्सेस डायरी’ या कादंबरीत (१९९६) काय केलं असेल? पळून जायचं काम ब्रिजेटच्या आईला दिलं! मुलांना वाढवून मोकळी झालेली बाई एका पोर्तुगीज भामट्याच्या नादी लागते, तो ओळखीपाळखीच्या लोकांचे पैसे घेऊन पसार होतो, आणि मार्क डार्सी त्याला हुडकून काढतो. मुलीनं लाज आणायचा काळ गेला, आता आई लाज आणते. २००१च्या चित्रपटानं हा धागा जवळजवळ सोडून दिला. कॉलिन फर्थ असताना प्रेक्षक तक्रार करत नाही, हे खरंच; पण पुस्तक वाचाच.

‘लिझी बेनेट डायरीज’नं इथं वेगळी वाट धरली. विकम लिडियाची खासगी चित्रफीत वेबसाइटवर विकायला काढतो. २०२२च्या ‘फायर आयलंड’ चित्रपटातही, जिथं मित्रमंडळी बहुतेक समलिंगी पुरुषांची आहे, विकमच्या जागचा माणूस असाच परवानगीशिवाय चित्रफीत टाकतो. एकमेकींशी संबंध नसलेल्या दोन कलाकृतींना आजच्या बेअब्रूसाठी हीच गोष्ट सुचावी, यात आपल्या काळाबद्दल पुष्कळ काही आलं. शिवाय लिझीच्या मालिकेनं लिडियाला स्वतःचा कॅमेरा दिला. मूळ कादंबरीत तिच्या मनात काय चाललंय हे आपल्याला जवळपास कळत नाही, लेखिका तिला हसण्यावारी नेते. विकमनं आधी डार्सीच्या बहिणीला, पंधराच्या जॉर्जियानाला, तिच्या ३०,००० पौंडांसाठी, फूस लावली होती हे आज वाचताना कुणाला हसू येत नाही. नवी आवृत्ती जिथं मूळ लेखिकेशी भांडते, तिथं मला जास्त रस वाटतो. हे भांडण ज्यांना जमत नाही ते नुसते वेश बदलतात.

आणि काहींना तर वेशही बदलायचा नसतो, फक्त जीभ बदलायची असते. ऑस्टिनच्या ‘पर्स्वेजन’वरचा २०२२चा चित्रपट घ्या. टोप्या, घोडागाड्या सगळं जुनं, आणि अ‍ॅन इलियट कॅमेऱ्याकडे बघून आजच्या मुलीसारखे टोमणे मारते. मला तो अजिबात झेपला नाही. अ‍ॅनची गोष्टच अशी, की वेंटवर्थशी ठरलेलं लग्न मोडून आठ वर्षं झाली, मनात तोच आहे, आणि ती काही बोललेली नाही. जी बाई प्रेक्षकांजवळ सगळं बोलून मोकळी होते तिला शेवटी वेंटवर्थ प्रेमाची कबुली देतो त्या पत्राची गरज काय? बाथमधल्या खाणावळीच्या त्या खोलीत अ‍ॅन कॅप्टन हार्विलशी हळू आवाजात बोलतेय, आशा संपल्यावरही बाई प्रेम करत राहते म्हणून. पलीकडे वेंटवर्थ टेबलाशी लिहीत बसलाय, आणि मध्येच त्याच्या हातातली लेखणी खाली पडते. एवढ्या आवाजावर प्रकरण उभं आहे. मजा म्हणजे ऑस्टिननं हा शेवट दुसऱ्या खेपेला लिहिला. १८१६ साली आधी लिहिलेली प्रकरणं तिनं रद्द केली आणि त्यांचं हस्तलिखित आजही टिकून आहे. त्यात ना हार्विलशी संवाद, ना पत्र. तिथं वेंटवर्थ अ‍ॅनला, तिच्या घरी भाड्यानं राहणाऱ्या अ‍ॅडमिरलचा निरोप म्हणून विचारतो, की तुमचं तुमच्या चुलत भावाशी, मिस्टर इलियटशी लग्न ठरलंय का आणि घर रिकामं करून हवंय का. म्हणजे गोष्ट पुन्हा सांगण्याची सुरुवात खुद्द बाईंनीच केलेली आहे. मूळ पवित्र, हात लावू नका, असं म्हणणाऱ्यांना मी हे हस्तलिखित दाखवते.

एक पुस्तक आजच्या काळातलं नाही, तरी तुमच्या यादीत घालते: जो बेकर यांचं ‘लाँगबोर्न’ (२०१३). मूळ ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये आजारी थोरल्या बहिणीला, जेनला भेटायला एलिझाबेथ तीन मैल चिखलातून चालत नेदरफील्डला, डार्सीचा मित्र बिंगले याच्या घरी जाते. तिचा परकर सहा इंच चिखलानं माखलेला असतो, बिंगलेच्या बहिणी नाकं मुरडतात, आणि आपण पोरीच्या धडाडीवर फिदा होतो. बेकर विचारतात, तो परकर धुतला कुणी? पुस्तक सुरू होतं ते बेनेटांच्या घरच्या धुण्याच्या दिवशी, पहाटेच्या थंडीत. सेरा नावाची मोलकरीण, हातांना भेगा पडलेली, मनात म्हणते की बाईसाहेबांना स्वतः परकर धुवावा लागला असता तर त्या जरा बघून चालल्या असत्या. हे वाचल्यावर मी परत मूळ प्रकरण काढलं. तोच चिखल, पण आता माझं लक्ष बिंगलेच्या बहिणींकडे गेलंच नाही.

तर तुम्ही काय करायचं? अर्धवट टाकलेली पुस्तकं आत्ता उघडू नका. आधी मूळ ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ची तीनच प्रकरणं वाचा: १९वं, कॉलिन्सच्या मागणीचं, २२वं, शार्लटच्या होकाराचं, आणि ३६वं, डार्सीचं पत्र एलिझाबेथ पुन्हा पुन्हा वाचते ते. तासाभराचं काम. मग एका रविवारी ‘कंडुकोंडेन कंडुकोंडेन’ बघा, उपशीर्षकं लावून. त्यानंतर ‘लिझी बेनेट’चे भाग, रोज चार-पाच, जेवताना. आमच्या ठाण्यातल्या वाचनगटात आम्ही प्रत्येकीला एक चिठ्ठी देतो. चिठ्ठीवर पात्रांची नावं लिहायची नाहीत, फक्त नकाराची किंमत लिहायची: कुणी, कुणाला, कशाला ‘नाही’ म्हटलं आणि काय गमावलं. गेल्या खेपेला शार्लटवरून जुंपली. पंचविशीची एक मुलगी म्हणाली, असलं लग्न करण्यापेक्षा मी पीजीत राहीन. सत्तरी ओलांडलेल्या एक बाई शांतपणे म्हणाल्या, “पीजी होतं का तेव्हा? मागची खोली मिळाली ना तिला? आम्हाला तर स्वयंपाकघरच मिळालं.” त्यांची चिठ्ठी मी जपून ठेवली आहे.

हे सगळं झाल्यावर तुमच्या त्या तीन पुस्तकांकडे वळा, आणि सुरुवातीपासून वाचायच्या भानगडीत न पडता सरळ कॉलिन्सच्या पानावर जा. तो तिथं नुसता हसवायला आणलेला असेल, त्याला नकार देऊन नायिकेचं एका पैशाचंही नुकसान होत नसेल, तर ते पुस्तक खुशाल रद्दीत घाला.